पंचांच्या चुकीची जाहीर कबुली

बास्केटबॉलमध्ये पंचांची शिट्टी वाजली, तर त्या निर्णयावर दाद मागता येते. न वाजलेल्या शिट्टीवर मात्र प्रशिक्षकाला काहीच करता येत नाही. २८ जानेवारी २०२३ रोजी बोस्टन सेल्टिक्स आणि लॉस एंजलिस लेकर्स यांची १०५-१०५ अशी बरोबरी असताना, शेवटच्या क्षणी लेब्रॉन जेम्सच्या हातावर प्रतिस्पर्ध्याचा फटका बसला. पंचांनी फाऊल दिला नाही आणि जादा वेळेत लेकर्स १२१-१२५ असे हरले. सामन्यानंतर मुख्य पंचांनीच चूक मान्य केली. निकाल अर्थातच बदलला नाही.

चूक अशी उघडपणे मान्य करण्याची रीत अमेरिकेतील 'एनबीए' या व्यावसायिक लीगमध्ये आपोआप आलेली नाही. टिम डोनागी हा पंच स्वतः काम पाहिलेल्या सामन्यांवरही सट्टा लावत असल्याचे २००७ मध्ये उघड झाले आणि लीगची विश्वासार्हता पणाला लागली. पुढे २०१४ मध्ये न्यू जर्सीतील सिकॉकस येथे चित्रफिती तपासणारे मध्यवर्ती केंद्र सुरू झाले. २०१९-२० च्या हंगामापासून प्रशिक्षकाला एका निर्णयाला आव्हान देण्याची मुभा मिळाली. ते फसले तर हातचा 'टाइम आऊट' जातो. २०२३-२४ पासून पहिले आव्हान यशस्वी ठरल्यास दुसरेही मिळते.

याहून महत्त्वाचा आहे तो १ मार्च २०१५ पासून प्रसिद्ध होणारा 'अखेरच्या दोन मिनिटांचा अहवाल'. चुरशीच्या सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत दिलेला आणि न दिलेला प्रत्येक महत्त्वाचा निर्णय बरोबर होता की चूक, हे लीग दुसऱ्या दिवशी लेखी जाहीर करते. चुरशीची मर्यादा आधी पाच गुणांची होती, नंतर ती तीनवर आणली गेली. पंचांच्या संघटनेला हा प्रकार मान्य नाही. विशेष म्हणजे, डिसेंबर २०१६ मध्ये ज्याच्या बाजूने अहवाल लागला, त्या केव्हिन ड्युरंटनेच पंचांना असे उघड्यावर आणू नये, असे म्हणत त्यावर टीका केली होती. आक्षेप बिनबुडाचा नाही. पहिल्या सेहेचाळीस मिनिटांतील चुका कोणी मोजत नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली ती कुस्तीच्या मॅटवर. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. परभणीच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्याकडून उतरलेल्या राक्षेचे म्हणणे होते की, दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रफीत पाहा. आंतरराष्ट्रीय नियमांत चितपटीला मॅटप्रमुखाची मान्यता लागते, पण ती मिळाली की आव्हानाची वाट बंद होते. संतापलेल्या राक्षेने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही गुणाच्या वादातून काही सेकंद बाकी असताना मॅट सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

लाथेचे समर्थन होऊ शकत नाही. पण नंतर चौकशी समिती नेमली गेली आणि तिने पंचांचा निर्णयच चुकीचा ठरवला. त्यांनाही तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. बास्केटबॉलमध्ये जे उत्तर मागणी न करताही दुसऱ्या दिवशी मिळते, ते इथे राज्यभर गदारोळ झाल्यावर मिळाले.

निकाल बदलणे मात्र दोन्हीकडे दुर्मीळच. १९ डिसेंबर २००७ च्या अटलांटा-मायामी सामन्यात गुणलेखकांच्या चुकीने शकील ओनीलला सहावा फाऊल झाल्याचे ठरवून बाहेर काढले गेले होते. तक्रार मान्य होऊन उरलेली ५१.९ सेकंदे ८ मार्च २००८ रोजी पुन्हा खेळवली गेली. ओनील तोवर दुसऱ्या संघात गेला होता. अटलांटा पुन्हा जिंकले.