ब्लाइथ स्पार्टन्स : एका बंदराचे दोन फुटबॉल-संघ

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर नॉर्थंबरलंड परगण्यांत ब्लाइथ नांवाचें बंदर आहे. कोळशाच्या निर्यातीवर तें वाढलें. तेथें १८९९ सालीं फ्रेड स्टोकर यांनीं हौशी खेळाडूंचा संघ स्थापिला व प्राचीन ग्रीक योद्ध्यांवरून त्यास 'स्पार्टन्स' हें नांव दिलें. १९७८ सालीं हा संघ एफ्. ए. चषकाच्या पांचव्या फेरीपर्यंत पोंचला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु त्याच नांवानें खेळलेल्या दुसऱ्या एका संघाची हकीकत आम्हांस अधिक विचारार्ह वाटते.

पहिल्या महायुद्धांत पुरुष रणांगणावर गेल्यामुळें गोदींतील दारूगोळा हलविण्याचें काम स्त्रियांकडे आलें. त्यांनीं समुद्रकांठच्या वाळूंत नौदलाच्या खलाशांकडून या खेळाचे धडे घेतले व १९१७ च्या ऑगस्टांत 'ब्लाइथ स्पार्टन्स' हेंच नांव धारण करून आपला संघ उभारिला. सामन्यांचें उत्पन्न धर्मादायास जात असे. म्युनिशनेट्स चषकाचा अंतिम सामना न्यूकॅसल येथें ३० मार्च १९१८ रोजीं बरोबरींत सुटला. १८ मे रोजीं मिडल्सब्रो येथें सुमारें २२,००० प्रेक्षकांसमोर झालेल्या फेरसामन्यांत त्यांनीं बोल्को वॉन कारखान्याच्या संघावर ५-० असा जय मिळविला. त्यांतील तीन गोल बेला रे या खाणकामगाराच्या कन्येचे होते. त्या हंगामांत तिच्या नांवावर १३३ गोल जमा आहेत.

युद्ध संपलें, स्त्रियांचीं कामें गेलीं, आणि संघ मोडला. पुढें ५ डिसेंबर १९२१ रोजीं फुटबॉल असोसिएशननें हा खेळ स्त्रियांस अयोग्य ठरवून, संलग्न संघांनीं आपलीं मैदानें त्यांस देऊं नयेत असें फर्माविलें. ही बंदी सुमारें पन्नास वर्षें टिकली.

यावर कोणी म्हणेल कीं, स्त्रियांचा खेळ हें युद्धकाळचें कौतुक होतें व तें आपोआप ओसरलें. हें मत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. ब्लाइथचा संघ बंदीपूर्वींच मोडला हें खरें. परंतु ताकिदीच्या आदल्याच वर्षीं, २६ डिसेंबर १९२० रोजीं, लिव्हरपूल येथें स्त्रियांच्या सामन्यास सुमारें ५३,००० लोक जमले होते. मनाईची ताकीद ही मना केलेल्या व्यवहाराच्या जोराचाच पुरावा असते, हें जुन्या कागदांच्या अभ्यासकांस सांगावयास नको. जें ओसरलें त्यावर बंदी कोण घालील ?

वरिष्ठ संस्थेचें दफ्तर तिच्या निर्णयांची साक्ष देतें. खेळणारांची साक्ष वर्तमानपत्रांतील त्रोटक वृत्तांत व एखाद्या सांघिक छायाचित्रांत उरते. म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, जुने रुमाल सोडतांना एखाद्या क्रीडामंडळाची वर्गणीची वही निघाल्यास ती क्षुल्लक मानून रद्दींत घालूं नये.