आरोग्यसल्ल्याचे मोल: तालमीपासून पॅकेजपर्यंत

आरोग्य राखण्याचा सल्ला पैसे घेऊन द्यावा का, आणि द्यायचा तर किती घ्यावेत, हा वाद भारतात वैद्यकाइतकाच जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ एकाच ठिकाणी सापडतात. पोटासाठी चिकित्सा बाजारातल्या मालासारखी विकणारा वैद्य सोन्याची रास सोडून धुळीच्या ढिगामागे लागतो, असे तिथे बजावले आहे. त्याच प्रकरणात रोग्यालाही सोडलेले नाही. उपचार करून घेतल्यावर, आधी काही कबूल केलेले असो वा नसो, जो वैद्याची परतफेड करत नाही त्याला निष्कृती नाही. म्हणजे वैद्याने दर सांगायचा नाही आणि रोग्याने देणे बुडवायचे नाही. दर न ठरवता देणे मात्र पक्के, ही दक्षिणेची रीत पुढे वैद्यकाबाहेरही टिकली आणि आजच्या ‘वेलनेस कोच’ला आपला दर सांगताना जो संकोच वाटतो त्याचे मूळही बरेचसे तिच्यातच आहे.

महाराष्ट्रात शरीर कमावण्याची विद्या या रीतीनेच शिकवली गेली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला नवे रूप देणारे बाळंभटदादा देवधर राजाश्रयावर राहिले; शिष्यांकडून दरमहा फी घेण्याचा प्रश्नच नव्हता. पुण्या-कोल्हापूरच्या तालमींतही वस्तादाचा दर कुठे लिहिलेला नसे. नव्या पोराने नारळ घेऊन यायचे, मारुतीपुढे फोडायचा, वस्तादाच्या पाया पडायचे आणि हौद्यात उतरायचे. मोबदला कष्टाने फिटे. लाल माती खोऱ्याने उकरायची, तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती पुन्हा मऊ करायची, वस्तादाचे अंग रगडायचे. गुरुपौर्णिमेला ऐपतीप्रमाणे दक्षिणा आणि मैदान मारले तर वस्तादाला फेटा.

यावरून तालीम फुकट होती असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. शिकवणे फुकट होते. शिकणे महाग होते. खरा खर्च खुराकाचा. रोजचे दूध, तूप, बदाम, थंडाई हे शेतमजुराच्या पोराला झेपणारे नव्हते, आणि दिवसाचे चार-पाच तास जोर-बैठकांत घालवणाऱ्याला मजुरीही बुडवावी लागे. म्हणून पैलवानाला धनी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात नेमके हेच ओझे उचलले. मल्लांच्या राहण्याची आणि खुराकाची सोय दरबारातून झाली, आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाली ती वस्तादांच्या निःस्वार्थीपणाइतकीच या पैशावर.

संस्थाने आणि सरदार यांचा हात आखडू लागला तेव्हा वर्गणी आली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढले. दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. या संस्थांना व्यायाम हे राष्ट्रकार्य वाटे. त्यामुळे वर्गणी नाममात्र ठेवायची आणि तूट देणगीदारांकडून भरून काढायची, असा त्यांचा हिशेब. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तर एक पाऊल पुढे होते: सूर्यनमस्काराला ना जागा लागते, ना साधन, ना शिक्षक, आणि म्हणून ना फी, हेच त्यांच्या प्रचाराचे बळ होते.

योगाच्या बाबतीतही देणगीनेच पाया घातला. योगेंद्रजींनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली आणि गुहेतली मानली जाणारी विद्या संसारी माणसांच्या दारी आणली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले. आसनांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायचा आणि तो ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून मांडायचा, हा त्यांचा ध्यास. असे काम फीवर चालणे शक्य नव्हते. कैवल्यधामच्या मरीन ड्राइव्हवरील आरोग्यकेंद्राला ईश्वरदास चुनीलाल यांचे नाव आहे, आणि ते का आहे हे वेगळे सांगायला नको.

त्याआधीच पश्चिमेत वेगळी वाट पडली होती. यूजीन सँडो या शरीरसौष्ठवपटूने १८९७ साली लंडनमध्ये व्यायामसंस्था काढली. पुढे मासिक, टपालाने शिक्षण, स्प्रिंगचे डंबेल्स असा त्याचा पसारा वाढला. १९०४-०५ मध्ये तो भारतात खेळ करून गेला आणि इथल्या तरुणांना त्याचे वेड लागले. सँडोच्या पद्धतीत सल्ल्याला वस्तू जोडलेली होती, आणि वस्तूला किंमत सांगायला कोणी लाजत नाही. मुंबईत १९३२ साली विष्णुपंत तळवलकरांनी सुरू केलेल्या व्यायामशाळेच्या घराण्याने पुढच्या पिढ्यांत आधुनिक जिम घडवली. तिथे सभासद पैसे मोजतो ते यंत्रे, आरसे आणि वातानुकूलित जागेचे; प्रशिक्षकाचे बोलणे त्यात धरलेले. २०१० साली तळवलकरांची कंपनी शेअर बाजारातही उतरली. वर्षाचे शुल्क आगाऊ घेण्याची पद्धत याच धंद्यात रुळली. जानेवारीत भरती आणि मार्चमध्ये ओहोटी हे जिमवाल्यांना ठाऊक असते. न येणाऱ्या सभासदांच्या पैशांवर येणाऱ्यांचा दर स्वस्त राहतो.

निव्वळ सल्ल्याला आणि सोबतीला दर लावण्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या एका गृहिणीकडे जाते. क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन नाइडेच यांनी १९६१ साली वजन कमी करताना मैत्रिणींना घरी बोलवायला सुरुवात केली आणि १९६३ साली त्यातून ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी निघाली. पहिल्या जाहीर बैठका एका चित्रपटगृहाच्या वरच्या जागेत भरत. आठवड्याचे शुल्क दोन डॉलर, सिनेमाच्या तिकिटाच्या आसपास. हा दर फार विचारपूर्वक ठरला असे नाही, पण तो अचूक बसला. आहारतक्ता नाइडेच यांचा नव्हताच. तो न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात फुकट मिळे. लोक पैसे देत ते दर आठवड्याला चारचौघांत काट्यावर उभे राहण्याचे आणि आपल्यासारख्याच जाड्या माणसांशी बोलण्याचे. माहितीची किंमत शून्य असली तरी ती पाळायला लावणाऱ्याची किंमत असते, हे या धंद्याने दाखवले. ठरलेल्या वजनावर टिकून राहणाऱ्या सभासदाला पुढे आजीव प्रवेश मोफत, हा नियमही याच कंपनीने रूढ केला. १९७८ साली हाइन्झ कंपनीने ती सुमारे सात कोटी डॉलरना विकत घेतली.

‘कोच’ हा शब्द मैदानावरून दिवाणखान्यात आला तो १९९० च्या दशकात. थॉमस लिओनार्ड या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९२ साली कोचिंगची शाळा काढली आणि १९९५ साली आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. फोनवर ठरावीक संभाषणे आणि त्यांचे मासिक शुल्क, ही वकिलाच्या आणि सल्लागाराच्या पठडीतली रचना आरोग्याच्या कोचनेही उचलली. तिला वैद्यकीय आधार मिळाला तो २००२ साली. तीन हजारांहून अधिक माणसांवर झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या अमेरिकन चाचणीत असे दिसले, की सोळा धड्यांचा वैयक्तिक पाठ, सात टक्के वजन घटवण्याचे लक्ष्य आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल एवढ्याने मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होते. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. त्यामुळे सरकारी विमा पुढे आला. २०१८ पासून अमेरिकेचा मेडिकेअर हा पाठ देणाऱ्या संस्थांना हजेरी आणि घटलेले वजन पाहून पैसे देतो. २०२० पासून आरोग्य-कोचिंगला वैद्यकीय बिलाचे स्वतंत्र सांकेतांकही मिळाले: पहिली भेट, पुढची किमान तीस मिनिटांची भेट आणि गटाची भेट. मात्र हे सांकेतांक तात्पुरत्या वर्गातले होते, त्यांना ठरलेला दर नव्हता. नाव मिळाले, भाव ज्याचा त्याने ठरवायचा.

डॉक्टरला तो ठरवताना जी बंधने आहेत ती कोचला नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने आपली फी दवाखान्यात लावायची असते, जाहिरात करायची नसते, आणि ‘गुण आला तरच पैसे’ असा करार अनैतिक मानला जातो. कोच मात्र मोबाइलवर रोज जाहिरात करतो, वजन उतरले नाही तर पैसे परत असेही म्हणतो आणि दर पुष्कळदा ‘इनबॉक्समध्ये विचारा’ एवढाच सांगतो. भारतात या व्यवसायाला परवाना नाही. जाहिरात मानक परिषदेने २०२३ साली आरोग्याबद्दल बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरांनी आपली पात्रता उघड करावी असे म्हटले, तो थोडासा चाप.

तीन महिन्यांचे पॅकेज इथे सर्वाधिक चालते, त्यालाही कारण आहे. मधुमेह्यांची एचबीए१सी ही तपासणी मागल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. म्हणजे पॅकेज संपताना हातात दाखवायला कागद असतो. नवखा कोच दर ठरवताना हमखास एकच चूक करतो. बारा भेटींचे तास धरतो आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर येणारे ताटाचे फोटो धरत नाही. पाऊण तासाच्या भेटीमागे तेवढाच वेळ निरोप, नोंदी आणि आठवणी करण्यात गेला, तर तासाला हजार रुपये वाटणारी कमाई प्रत्यक्षात पाचशे होते. वैयक्तिक दर चढा ठेवून गटाचा दर उतरता ठेवणे हा त्यावरचा सर्वमान्य उपाय. एकच बोलणे वीस जणांना पुरते आणि वेट वॉचर्सचा धडाही तोच होता.

मराठी समाजात या सगळ्या दरपत्रकांना एक मोठे आव्हान मिळाले ते फुकट सल्ल्याचे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा कार्यक्रम गावोगावच्या व्याख्यानांतून आणि व्हॉट्सॲप गटांतून विनाशुल्क पसरवला. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या ऋजुता दिवेकर. त्यांचे पहिले पुस्तक २००९ चे, आणि चित्रपट तारे-तारकांच्या आहारसल्लागार म्हणून त्यांचा लौकिक. २०१८ च्या सुमारास घरोघरी ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद रंगला तो दोनदा खावे की दर दोन तासांनी यावर. पैशाची बाजू त्यात फारशी आली नाही. तरी दोन्हीकडचे अर्थकारण तालमीच्या परंपरेला धरून होते: एकीकडे पगारी प्राध्यापकाने स्वयंसेवकांच्या बळावर फुकट दिलेली विद्या, दुसरीकडे ऐपतदारांना वैयक्तिक सल्ला आणि बाकीच्यांना पुस्तकाच्या किमतीत तोच विचार.

करआकारणीतही हा व्यवसाय अधांतरीच राहिला आहे. हेल्थ क्लब आणि फिटनेस सेंटर २००२ साली सेवाकरात आले. २०१५ साली योगाला आयकर कायद्याने धर्मादाय कार्यांत बसवले, त्यामुळे नोंदणीकृत न्यासाचा वर्ग आणि खासगी शिक्षकाचा वर्ग यांच्या हिशेबात अंतर पडले. जीएसटीत डॉक्टरची चिकित्सा करमुक्त, व्यायामशाळा सुरुवातीला अठरा टक्क्यांवर होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि योगकेंद्रांचा कर पाच टक्क्यांवर आला, पण खरेदीवरील कराची वजावट काढून घेऊन. जागेचे भाडे आणि यंत्रे यांवर अठरा टक्के मोजणाऱ्या मोठ्या जिमला त्यामुळे दर तेवढ्या प्रमाणात उतरवता येत नाहीत. वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या, घरच्या खोलीत वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला नोंदणीच लागत नसल्याने त्याच्या दरात या बदलाने काही फरक पडलेला नाही.