आजीचं पिवळं भेदरं

आमच्या वर्धा जिल्ह्यात जुनी माणसं टोमॅटोला भेदरं म्हणतात. पवनारजवळच्या आमच्या घरी, परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर आजीचं भेदरं वाढे. फळ बोराएवढं, घोसानं लागणारं, रंग लिंबाहून फिका. पाहुणे विचारत, ‘पिकलं नाही का अजून?’ आजी म्हणे, ‘खाऊन तर पाहा!’

टोमॅटो लालच असायचा, ही समजूत काही पहिल्यापासूनची नव्हे. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. १६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं. इटलीतल्या मात्तिओली या वैद्यानं १५४४ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा पिकल्यावर सोनेरी होणारं फळ असंच लिहिलं. ‘पोमोदोरो’ म्हणजे सोन्याचं सफरचंद, हे इटालियन नाव आजही चालू आहे. चेरीएवढ्या फळांची नोंद बाउहिन या स्विस पंडिताच्या १६२३च्या ग्रंथात आहे. आपल्याकडे टोमॅटो पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात.

१९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं कार्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत आलं. पुढच्याच वर्षी गांधीजींनी ‘हरिजन’मधून कच्च्या पालेभाजीचे गुण सांगितले. पण परसातल्या भाज्यांचं बी राखेत घोळून, मडक्यात घालून जपलं ते आजीसारख्या बायकांनी.

आजी गेल्यावर ते बी माझ्याकडे आलं. एका वर्षी मी शेजारच्या वाफ्यात बाजारची लाल रोपं लावली. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागानं फळतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पुढल्या हंगामाला एकाच फळाचं बी धरलं आणि सगळी झाडं लाल निघाली! घरातली एवढी जुनी खूण माझ्या हातून गेली, या विचारानं झोप लागेना.

मग शाळेत शिकलेला मेंडेल आठवला. वाटाण्यावरचे त्याचे प्रयोग १८६६ साली छापून आले. एक गुण दुसऱ्याला झाकतो, पुसत नाही, हे त्यानं दाखवलं. त्या लाल फळांचंच बी मी पुन्हा लावलं. वीस रोपांत पाच पिवळी निघाली, पण त्यांतलं आजीच्या रंगाचं एकच. कारण त्या फिक्या रंगाला दोन गोष्टी लागतात: गर पिवळा हवा आणि साल रंगहीन हवी. दोन्ही लपलेले गुण एकत्र येणं सोळांत एकदा घडतं.

आता मी भाद्रपदात रोप टाकतो. काळ्या जमिनीत पाणी साचतं म्हणून वाफा उंच करतो. पौषात फळांचे घोस लागतात. वैशाखाच्या उन्हात मात्र फूल टिकत नाही. बी धरायच्या झाडाजवळ दुसरा टोमॅटो लावत नाही. आणि बियांच्या तीन पुड्या बांधतो: एक माझी, एक बहिणीची, एक शेजारणीची. बी एकाच घरात ठेवू नये, एवढं मात्र मी शिकलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)