मुंबईतील कॅथलिक चर्च

मुंबईतील कॅथलिक चर्चांचा इतिहास सोळाव्या शतकातील पोर्तुगीज राजवटीपासून सुरू होतो. डिसेंबर १५३४ मधील तहान्वये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरूंनी या भागात चर्च उभारली. माहीमचे सेंट मायकल, वांद्र्याचे सेंट अँड्र्यू (१५७५), दादरचे 'पोर्तुगीज चर्च' (१५९६) आणि माझगावचे ग्लोरिया (१६३२) ही त्यांपैकी प्रमुख होत. फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रल अनेकदा याच परंपरेत गणले जाते, परंतु ते मुळात अँग्लिकन पंथाचे आहे.

अधिकाराचा वाद

१६६१ च्या विवाह-करारानुसार मुंबई इंग्रजांकडे गेली, तरी येथील कॅथलिकांवरील धार्मिक अधिकार गोव्याच्या आर्चबिशपकडेच राहिला. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून मिळालेल्या धर्मसंरक्षणाच्या या हक्कास 'पाद्रोआदो' म्हणतात. आपल्या प्रजेवर परकीय सत्तेचा प्रभाव इंग्रजांना नको होता. म्हणून १७२० मध्ये त्यांनी गोव्याच्या धर्मगुरूंना बेटाबाहेर घालवले आणि चर्च रोमच्या 'प्रोपगांडा' या संस्थेच्या अधिकारातील कार्मेलाइट धर्मगुरूंकडे सोपवली. दोन्ही पक्ष कॅथलिकच असल्याने हा वाद धर्मतत्त्वांचा नव्हता. चर्च, त्याचे उत्पन्न आणि धर्मगुरूंची नेमणूक कोणाच्या हाती असावी, एवढाच प्रश्न होता.

१७९४ मध्ये चर्चांची वाटणीच करण्यात आली. ग्लोरिया व सेंट मायकल गोव्याकडे, तर एस्पेरांसा व दादरचे चर्च प्रोपगांडाकडे गेले. एकाच शहरात दोन अधिकारक्षेत्रे निर्माण झाली. १८५३ मध्ये सेंट मायकलच्या ताब्यावरून वाद इतका विकोपास गेला की बिशप हार्टमान आपल्या अनुयायांसह त्या चर्चमध्ये अडकून पडले. १८८६ मध्ये मुंबईला आर्चबिशपचे पद मिळाले. मात्र दुहेरी अधिकार १९२८ च्या करारानेच संपुष्टात आला. त्यानंतर आलटून पालटून पोर्तुगीज व ब्रिटिश आर्चबिशप नेमण्याची प्रथा १९५० पर्यंत चालली. त्या वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल बनले.

वास्तू

जुन्या चर्चांच्या मूळ इमारती फारशा उरलेल्या नाहीत. किल्ल्यासमोरील मैदान मोकळे ठेवण्यासाठी इंग्रजांनी अठराव्या शतकात एस्पेरांसा पाडले. ते भुलेश्वर भागात पुन्हा बांधले गेले व पुढे कॅथेड्रल झाले. नंतर हा मान कुलाब्यातील गॉथिक शैलीच्या होली नेम चर्चला मिळाला. ग्लोरिया १९११ ते १९१३ या काळात भायखळ्यास हलवण्यात आले. दादरच्या चर्चची सध्याची वास्तू चार्ल्स कोरिया यांची असून ती १९७० च्या दशकातील आहे.

वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरी, म्हणजेच 'मोत माउली', मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत नष्ट झाली. त्या काळात तेथील मूर्ती माहीमच्या सेंट मायकलमध्ये ठेवण्यात आली होती. सध्याची वास्तू १९०४ ची आहे. सप्टेंबरमधील तेथील जत्रेस सर्व धर्मांचे लोक नवस फेडण्यासाठी येतात.