पैठणीची उलटी बाजू



पैठणीवर बोलावयास उभा राहिलेला मनुष्य पहिल्याच वाक्यात दोन हजार वर्षांचा हिशेब मांडतो. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, गोदेचा तो काठ, आणि रोमच्या बाजारात सोन्याच्या मोलाने विकली जाणारी पैठणी, हे चित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. ते मनोहर आहे यात शंका नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने मनोहर चित्रापाशीच अधिक सावध राहावयाचे असते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नावाचे सागरी व्यापाराचे एक ग्रीक टिपण आज उपलब्ध आहे. त्यात पैठणचे नाव आले आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. या दोन्ही गावांचा माल गाड्यांतून, आडरान तुडवीत, भडोच बंदरी जाई. पण माल कोणता? पैठणहून जाई तो अकीकाच्या जातीचा दगड. कापड जाई ते तगरचे, आणि त्यात साधे कापड व मलमल यांचा समावेश होता. पैठणच्या रेशमाचा वा जरीचा तेथे शब्दही नाही.

तेव्हा पैठण प्राचीन, या भूमीतील विणकामही प्राचीन. पण आपण जिला पैठणी म्हणतो तिचा जन्मदाखला या टिपणात शोधू नये. ठसठशीत पुरावा पाहावयाचा तर अठराव्या शतकात यावे लागते. थोरल्या माधवरावांच्या १७६८ सालच्या एका पत्रात लाल, हिरवे, केशरी, डाळिंबी, गुलाबी अशा रंगांच्या आसावली दुपट्ट्यांची मागणी आहे. मागणी दुपट्ट्यांची आहे, हे ध्यानात घ्यावे. पैठणी ही त्या काळी केवळ नवरीची नव्हती. दरबारी पुरुषाच्या खांद्यावरही ती रुळत होती. नवरी गौरीहरापाशी बसे ती पिवळी, साधी सुती अष्टपुत्री नेसून, आणि पुष्कळ घरांत आजही तशीच बसते.

मग पैठणी लग्नाची कशी झाली? मला वाटते, याचे उत्तर पुरुषांच्या वेषात आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली. पुढे पुण्याचा दरबारी पोशाख मागे पडला, शेले-दुपट्टे पेटीत गेले. स्त्रियांनी मात्र आपले लुगडे सोडले नाही. दरबार संपला तरी घरातले लग्न संपत नाही! पैठण निजामाच्या मुलखात होते; तेथे हैदराबादच्या आश्रयाने काही काळ माग चालले, आणि १९४८ साली ते राज्यही गेले. आज पैठणीचे बहुसंख्य माग आहेत ते नाशिक जिल्ह्यातील येवल्यास. राजे गेल्यावर ही कला पोसली ती मुलीच्या बापाने आणि मामाने, वर्षभर पैसे बाजूस टाकून.

जुन्या पैठण्या इतक्या थोड्या का उरल्या, याचेही कारण घरातच आहे. पूर्वीची जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचे पाणी दिलेली चांदीची तार. वस्त्र विरले की फेरीवाला दारात येई, ते तोलून घेई, आणि पुढे भट्टीत जाळून चांदी गाळली जाई. आपल्या वस्त्रकलेचा केवढा तरी इतिहास असा मुशीत वितळला आहे.

तर मग परंपरा उरली कशात? माझे उत्तर असे की, ती पदराच्या उलट्या बाजूत उरली आहे. खऱ्या पैठणीच्या पदरावर धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावत नाही. मोराच्या मानेचा निळा, चोचीचा लाल, वेलीचा हिरवा, अशा प्रत्येक रंगाची वेगळी बारीक कांडी असते. विणकर ती आपल्या जागेपुरती बोटांनी ताण्यातून ओवतो, आणि शेजारच्या धाग्यात गुंतवून मागे फिरवतो. त्यामुळे मागल्या अंगाला धागे लोंबत नाहीत, कापावे लागत नाहीत. मोर दोन्हीकडून सारखाच दिसतो. मागावर दिवसभर बसून नक्षी थोडी थोडीच पुढे सरकते. साध्या पदराला महिना लागतो, भरगच्च कामाला वर्षही पुरत नाही.

आज पैठणीला चांगले दिवस आले आहेत असे म्हणतात. २०१० साली पैठण आणि येवले यांच्या या वस्त्राला भौगोलिक मानांकन मिळाले. दूरचित्रवाणीवरच्या खेळात ती बक्षीस म्हणून घरोघर गेली. पण त्याच वेळी यंत्रमागावर काही तासांत निघणारे, हुबेहूब दिसणारे कापडही त्याच नावाने दुकानात आले. ज्याला परवडत नाही त्याने ते घ्यावे; त्यात लाज नाही. परंतु दोहोंस एकच नाव देऊन एकाच फळीवर मांडले, की गिऱ्हाईक किमतीतील अंतर पाहते आणि म्हणते, “हातमागवाला लुबाडतो.” विणकराचे महिनोन्‌महिने त्या एका वाक्यात बुडतात. अशा घरचा मुलगा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून का बसावा?

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. पुढल्या लग्नसराईत पैठणी घ्यावयास जाल, तेव्हा दुकानदाराने सातवाहनांचे नाव काढले तर ते खुशाल ऐकून घ्या. मग शांतपणे पदर उलटा करा. तेथे तुटलेल्या धाग्यांचे जाळे दिसले तर ते यंत्राचे काम. तेथेही मोर नीटस उभा असेल, तर एका जिवंत माणसाने तो तुमच्या लेकीसाठी धागा धागा जोडून उभा केला आहे, असे समजा. आणि त्या ठिकाणी घासाघीस करू नका.