निर्मात्याच्या खुणेविना आढळणारी टायटॅनियम सायकल-फ्रेम : उगमनिश्चितीची साधने व मर्यादा

प्रस्तावना :
औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासात कागदपत्रांइतकेच वस्तूंनाही साधनाचे स्थान आहे. कारखाना बंद पडतो, त्याचे दप्तर विखुरते. वस्तू मात्र उरते. परंतु वस्तूवर कर्त्याचे नाव नसेल, तर तिची अवस्था तिथी व सही नसलेल्या पत्रासारखी होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील टायटॅनियमच्या सायकल-फ्रेम हे याचे उत्तम उदाहरण होय. पोलादी फ्रेमला गंजापासून वाचविण्यासाठी रंग द्यावाच लागतो आणि तो रंग पुढे पुरावा ठरतो. टायटॅनियम गंजत नसल्याने त्याच्या फ्रेम बहुधा रंगाविना विकल्या जात व निर्मात्याचे नाव अनेकदा केवळ चिकटचित्रावर असे. ते निघाले की नावही गेले. ज्या गुणामुळे हा धातू टिकतो, त्याच गुणामुळे त्याचा कर्ता अज्ञात राहतो. अशा फ्रेमचा उगम कोणत्या साधनांनी आणि किती खात्रीने सांगता येतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
टायटॅनियमचा शोध १७९१ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे विल्यम ग्रेगर यांनी लावला. मात्र विल्यम क्रोल यांची शुद्धीकरण-प्रक्रिया विकसित झाल्यावर, म्हणजे १९४० च्या दशकानंतरच, तो मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाला. प्रथम त्याचा वापर विमानउद्योगाने केला. सायकलीकडे तो तेथूनच आला. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘स्पीडवेल टायटलाइट’ व अमेरिकेत ‘टेलिडाइन टायटन’ या फ्रेम बाजारात आल्या. १९८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील ‘मर्लिन’ व टेनेसीमधील ‘लाइटस्पीड’ यांनी दुसरे पर्व सुरू केले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर रशियातील संरक्षण-उद्योगात घडलेल्या फ्रेमही पाश्चात्त्य बाजारात आल्या.

अंतरंग परीक्षण :
पहिला पुरावा धातूचा. ‘टेलिडाइन टायटन’साठी व्यापारी शुद्ध टायटॅनियम वापरले गेले. दुसऱ्या पर्वात ३ टक्के ॲल्युमिनियम व २.५ टक्के व्हॅनेडियम असलेला, विमानातील तेलदाबाच्या नळ्यांसाठी प्रचलित असलेला मिश्रधातू रूढ झाला. क्ष-किरण प्रतिदीप्ती चाचणीने फ्रेमला धक्का न लावता व्हॅनेडियमचे अस्तित्व तपासता येते.

दुसरा पुरावा मापांचा. टायटॅनियमची ताठरता पोलादाच्या सुमारे निम्मी असते. त्यामुळे पोलादी फ्रेमच्याच जाडीच्या नळ्या वापरल्यास फ्रेम लवते. पुढील काळात नळ्यांचा व्यास वाढविला गेला तो यासाठीच. रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलीत मागील चाक बसविण्याची रुंदी १२० मि.मी. असल्यास पाच दातेरी चक्रांचा, १२६ असल्यास सहा-सात दातेरी चक्रांचा आणि १३० असल्यास साधारणतः १९९० नंतरचा काळ सूचित होतो. पोलादी फ्रेम वाकवून ही रुंदी बदलता येते. टायटॅनियम वाकविल्यावर पुन्हा मूळ जागी येऊ पाहते, म्हणून येथे हे माप अधिक विश्वासार्ह ठरते. पायडलचा दांडा ज्या आडव्या नळीत फिरतो, तिची रुंदी व आटेही बोलके असतात : इंग्रजी पद्धतीत ६८ मि.मी., इटालियन पद्धतीत ७० मि.मी.

तिसरा पुरावा जोडकामाचा. तापलेले टायटॅनियम हवेतील प्राणवायू व नायट्रोजन शोषून ठिसूळ होते. म्हणून जोड आरगॉन वायूच्या आवरणात द्यावे लागतात. जोडाचा रंग, त्यावरील लहरींचे अंतर व मागील खाचांचे घडण यांतून कारागिराची सवय दिसते.

पुराव्याच्या मर्यादा :
तथापि या खुणांवरून थेट नावापर्यंत उडी घेणे धोक्याचे आहे. इटालियन आटे म्हणजे इटलीत घडलेली फ्रेम नव्हे. इटालियन सुटे भाग वापरणाऱ्या ग्राहकासाठी ते अन्यत्रही कापले जात. शिवाय विक्रेता व निर्माता एकच असेल असेही नाही. बेल्जियमच्या ‘एडी मर्क्स’ नावाच्या टायटॅनियम फ्रेम अमेरिकेत लाइटस्पीडने घडविल्या. वॉशिंग्टन राज्यातील केनेविक येथील सँडविकच्या कारखान्याने अनेक नाममुद्रांसाठी काम केले. तेव्हा ‘ही फ्रेम कोणाची?’ या एका प्रश्नात ‘कोणी घडविली?’ व ‘कोणाच्या नावाने विकली?’ असे दोन प्रश्न दडलेले असतात. तळाशी कोरलेला क्रमांकही निर्मात्याची नोंदवही उपलब्ध असेल तरच निर्णायक ठरतो.

निष्कर्ष :
खुणेविना आढळणाऱ्या फ्रेमबाबत निष्कर्ष तीन पायऱ्यांनी मांडावा : काळ बहुधा निश्चित, परंपरा संभाव्य आणि कार्यशाळा, स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत, केवळ शक्य. प्रसिद्ध नाव चिकटविल्याने वस्तूची किंमत वाढते. परंतु ज्या कारागिरांनी ती घडविली त्यांचे श्रेय दुसऱ्याच्या खाती जमा होते आणि एकदा छापला गेलेला चुकीचा उगम पुढच्या अभ्यासकासाठी पुरावा बनतो. म्हणून संग्रहालयाच्या नोंदीत ‘निर्माता अज्ञात’ हे शब्द अपयशाचे मानू नयेत. मोजलेली मापे व तपासलेला धातू यांच्या तपशिलासह ते लिहिले गेले, तर उद्या एखादी नोंदवही हाती येताच खरा कर्ता ओळखता येईल.