तोटीची लाकडी मूठ

बिअरच्या तोटीवर वीतभर लाकडी मूठ कशाला, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल. तोटी तर दोन बोटांनीही उघडते! ह्याचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात आहे. तेथे १९२० साली आलेली दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरात उठली. जुन्या गुत्त्यांतील तोट्यांना साधे गोल गट्टू असत. पिंपात कोणाची बिअर आहे हे गिऱ्हाइकास दिसत नसे. एकीच्या नावावर दुसरी खपविणे सोपे होते. म्हणून बंदीनंतर अनेक राज्यांनी तोटीवर मालाचे नाव सक्तीचे केले. प्रथम ते गट्टूवरील मिन्याच्या चकतीवर आले. उंच मुठी मागाहूनच्या.

घरगुती बिअर मात्र १९३३ नंतरही बेकायदाच राहिली. द्राक्षासवाला मुभा आणि बिअरला मनाई, हा न्याय विचित्रच म्हणावा लागेल! १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढांच्या घरास वर्षाला २०० गॅलन बिअर करमुक्त झाली. अलाबामा व मिसिसिपी ह्या राज्यांची संमती मिळण्यास तर २०१३ साल उजाडावे लागले.

मग हौशी मंडळी स्वतःच मुठी घडवू लागली. मेपलचा किंवा अक्रोडाचा ठोकळा लेथवर कातून तळाशी छिद्र पाडतात व त्यात आटे पाडलेली पितळी नळी बसवितात. आटे तीन अष्टमांश इंची, इंचाला सोळा. छिद्र तिरपे गेले की मूठ वाकडी. मूठ फार जड झाली तर आपल्याच भाराने झुकून बिअर जमिनीवर! घरच्या बिअरीची विक्री वर्ज्य असल्याने फसवायला गिऱ्हाईकच नाही. तरीही नाव कोरले जाते, आणि ओल्या हातांनी ते पुसू नये म्हणून वर व्हार्निशाचे दोन-तीन हात देतात.